साठीपुढची माणसं आणि लस: नवी मुंबईतल्या एका प्रकल्पाची पार्श्वभूमी

आज पंचाहत्तरीला पोचलेला माणूस १९५० च्या आगेमागे जन्मलेला असतो. त्याच्या दंडावर देवीच्या लसीचे व्रण असतात. नवी मुंबई वसवणारी सिडको आली तेव्हा तो विशीत होता आणि आणीबाणी लागली तेव्हा पंचविशीत. ज्येष्ठांमधला लसीबद्दलचा संकोच हा विषय मी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी घेतला, तेव्हा व्हॉट्सॲप, अफवा आणि अपुरी माहिती हीच कारणं वाचनात पुन्हा पुन्हा येत होती. नेरूळ-वाशीच्या विरंगुळा केंद्रांत आणि करावे, सारसोळे इथल्या गावठाणांत बसून ऐकल्यावर मात्र ही कारणं तोकडी वाटू लागली. व्हॉट्सॲप हातात आलं ते अलीकडे. सुई पाहून सावध होणं त्याच्या फार आधीचं आहे.

सुरुवात आपल्याच भागातली आहे. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच त्यावरची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा आला. घरांच्या झडत्या, सामान जाळणं, माणसं उचलून छावणीत नेणं सुरू झालं आणि जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. लस ऐच्छिक होती, सक्ती होती ती तपासणीची आणि विलगीकरणाची. पण दोन्हींमागे सरकार एकच, त्यामुळे लोकांच्या मनात ती एक होऊन बसली. त्यात १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी हाफकिनची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो दूर व्हायला काही वर्षं गेली, आणि खुलासा बातमीइतका लांब कधीच पोचत नाही.

ही झाली पणजोबांच्या काळातली गोष्ट. आजच्या आजी-आजोबांनी अनुभवली ती देवीची मोहीम. पात्यांचं छोटं चाक दंडावर टेकवून फिरवायचे, मग फोड यायचा, ताप यायचा. देवी काढायला माणूस आला की पोरं माळ्यावर नाहीतर शेतात पळायची, हे सांगताना आजही ही माणसं खुलतात. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. म्हणजे या पिढीने लसीने एक रोग पार नाहीसा झालेला स्वतः पाहिला आहे. त्यांना लसीचं विज्ञान समजत नाही असं म्हणणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

मग गाठ बसली कुठे? माझ्या मते पुढच्याच दोन वर्षांत. १९७६-७७ मध्ये देशभरात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण धास्ती बसायची ती बसली. आरोग्य खात्याचा माणूस दारात आला की तो काही देऊन जाईल की काही काढून नेईल, हा प्रश्न त्या दिवसांतला आहे.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. माझ्या प्रकल्पात मुलाखतीआधी संमतीपत्रावर सही घ्यावी लागते. सेक्टरमधले निवृत्त काका चष्मा काढून सही करतात. गावठाणातले आजोबा चहा पाजतात, तासभर मोकळेपणाने बोलतात, फक्त सही नको म्हणतात. कागदावर सही केल्यावर काय जातं हे त्यांच्या घराने पाहिलं आहे. संशोधनाच्या पुस्तकात याला ‘नकार’ म्हणून नोंदवतात. मला ती नोंद अपुरी वाटते.

हे सगळं मनात असलेली माणसं २०२१ मध्ये कोविडच्या लसीसमोर उभी राहिली. साठीपुढच्यांसाठी लसीकरण १ मार्चला सुरू झालं, नोंदणी कोविन पोर्टलवर, म्हणजे मुलगा नाहीतर सून घरी असेल तेव्हा. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार आठवडे होतं, मग सहा ते आठ झालं आणि मे महिन्यात बारा ते सोळा. त्याला अभ्यासाचा आधार होता. पण तेव्हाच लशीचा तुटवडा होता, केंद्रांबाहेर रांगा होत्या, आणि लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली असा अर्थ लोकांनी लावला. तरीही बहुतेकांनी लस घेतली. २०२४ मध्ये कोविशील्डच्या मूळ ब्रिटिश लशीमुळे रक्तात गुठळ्या होण्याच्या दुर्मीळ दुष्परिणामाची ब्रिटनच्या न्यायालयातली बातमी आली, तेव्हा लस घेऊन तीन वर्षं झालेल्यांनाही झोप लागेना. हा धोका लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला असतो, एवढं सोपं वाक्य त्यांना वेळेवर कोणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

राहिला प्रश्न आजचा. फ्लू, न्यूमोनिया, नागीण यांच्या लसी ज्येष्ठांसाठी आहेत, पण सरकारचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम बालकं आणि गरोदर बायांभोवती उभा आहे. मोठ्यांनी या लसी विकत घ्यायच्या. नागिणीची नवी लस २०२३ मध्ये भारतात आली. तिचे दोन डोस, आणि एकेका डोसला हजारो रुपये. पेन्शनवर जगणाऱ्या बाईने ती घेतली नाही तर त्याला संकोच म्हणायचं का? माझ्या प्रश्नावलीत आता अविश्वासाच्या आधी तीन प्रश्न येतात: या लसीबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं का, ती परवडते का, आणि याआधी सरकारी माणूस सुई घेऊन आला होता तेव्हा काय झालं होतं.