चव्वेचाळीस बोअरचं आखूड बुलडॉग: पार्श्वभूमी

अमेरिकेत बेताच्या पैशात मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड गोळी झाडणारं, आखूड रिव्हॉल्व्हर शोधणारा माणूस बहुतेक वेळा एकाच नावापाशी येतो: चार्टर आर्म्सचं बुलडॉग, .४४ स्पेशल. पाच बार, अडीच-तीन इंचांची नळी, वजन साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम. इतक्या हलक्या सांगाड्याला एवढी मोठी गोळी झेपते ती काडतुसातला दाब कमी असल्यामुळे, आणि ही युक्ती दीडशे वर्षं जुनी आहे.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ बाजारात आणलं. अडीच इंची नळी, पाच बार, .४४२ किंवा .४५० बोअर, बंदुकीची काळी दारू. गोळी जड, वेग मंद, दाब थोडा. त्यामुळे काडतुसं बसतात त्या सिलिंडरच्या भिंती पातळ ठेवता आल्या आणि रिव्हॉल्व्हर कोटाच्या खिशात मावलं. लवकरच बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनी आणि अमेरिकेत फोरहँड अँड वड्सवर्थसारख्या कंपन्यांनी त्याच्या स्वस्त नकला काढल्या. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात चार्ल्स गिटोने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याही अशाच बुलडॉगमधून. उसन्या पैशांतून त्याने ते दहा डॉलरच्या आसपास घेतलं होतं.

.४४ स्पेशल हे काडतूस स्मिथ अँड वेसनने १९०७ मध्ये आणलं. जुन्या .४४ रशियन काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू भरायची धातूची नळकांडी, थोडी लांबवून ते तयार झालं. मूळ भरणीत २४६ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने जाते. .३८ स्पेशलची नेहमीची गोळी जवळपास त्याच वेगाची, पण १० ग्रॅमची. .४४ स्पेशलच्या दाबाची कमाल मर्यादा १५,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड); नंतर आलेल्या जास्त जोरकस .४४ मॅग्नमची ३६,०००. सगळी मेख या दोन आकड्यांत आहे. तरीही पुढची कित्येक दशकं हे काडतूस किलोभर वजनाच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरांतच वापरलं गेलं, आणि १९५५ मध्ये मॅग्नम आल्यावर ते मागे पडलं.

१९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने चित्र बदललं. परदेशातून येणाऱ्या छोट्या हातबंदुकांवर निकष लागले. रिव्हॉल्व्हरची नळी किमान ३ इंच हवी, हा त्यातलाच एक. अमेरिकी कारखान्यांना मोकळं रान मिळालं. डग मॅक्लेनाहन यांनी १९६४ मध्ये कनेक्टिकटात सुरू केलेल्या चार्टर आर्म्सचं .३८ बोअरचं ‘अंडरकव्हर’ तोवर बाजारात रुळलं होतं. १९७३ मध्ये त्याच धर्तीवर बुलडॉग आलं. सांगाडा एकसंध, बाजूला उघडणारी पट्टी नाही, त्यामुळे पोलाद कमी लागूनही मजबुती टिकते आणि यंत्रकामाचा खर्च वाचतो. पाचच बार ठेवण्यामागे जाडी कमी करण्याखेरीज आणखी एक कारण आहे. सिलिंडरमध्ये काडतूस बसायचं भोक म्हणजे घर. सहाबारीत वरच्या घराच्या बरोबर समोर, तळाशी दुसरं घर येतं. पाचबारीत तिथे दोन घरांमधला भरीव भाग येतो. सिलिंडर अडकवणारी खाच त्या भरीव भागात कोरली की घराची भिंत पातळ होत नाही.

१९७६-७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बर्कोविट्झने बुलडॉग वापरून केलेल्या खुनांमुळे हे रिव्हॉल्व्हर भलत्याच कारणाने घराघरांत पोचलं. पुढे कंपनी बुडाली, चार्को आणि चार्टर २००० या नावांनी पुन्हा उभी राहिली. म्हणून जुनं बुलडॉग घेताना नळीवरचा शिक्का आधी वाचावा. ब्रिजपोर्ट आणि स्ट्रॅटफर्ड या कनेक्टिकटातल्या गावांचे शिक्के पहिल्या काळाचे, आणि जाणकार त्यांनाच जास्त मान देतात.

शिक्क्यापेक्षाही तपासणी महत्त्वाची. सिलिंडर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. मग सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून हॅमर सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे जाऊनही सिलिंडर खटकन अडकलं नाही तर टायमिंग, म्हणजे घर नळीच्या रेषेत येण्याचा मेळ, गेलेलं आहे; अशा रिव्हॉल्व्हरमधून गोळी नळीच्या कडेला घासून शिशाचे कण बाजूला उडतात. पाचही घरांवर हे करून पाहा, कारण खराबी एखाद्याच घरावर असू शकते. सिलिंडर आणि नळीतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: ०.१ ते ०.२ मिमी ठीक. जुन्या मॉडेलांत एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा, दांडा उघडाच असतो. तो वाकला की सिलिंडर फिरताना ठरावीक जागी जड होतं. स्क्रू धक्क्यांनी सैल होतात, दर सरावानंतर पाहावेत.

हलक्या वजनाची किंमत धक्क्यात मोजावी लागते. रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं, पुंगळीही त्याच्याबरोबर येते, पण जड गोळी जागच्या जागी राहू पाहते आणि हळूहळू बाहेर सरकते. ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली की सिलिंडर फिरेनासं होतं. नव्या प्रकारचं काडतूस घेतल्यावर चार बार उडवून पाचव्याची लांबी आधी आणि नंतर मोजावी. फरक पडला तर ते काडतूस या रिव्हॉल्व्हरसाठी नाही. मोठ्या रिव्हॉल्व्हरांसाठी घरी भरलेली तेज काडतुसं इथे अजिबात वापरू नयेत. मॅग्नम चुकून बसण्याची भीती नाही, कारण तिची पुंगळी मुद्दाम सुमारे ३ मिमी लांब केलेली आहे.

स्वस्ताईचा हिशेबही नीट मांडायला हवा. रिव्हॉल्व्हरवर वाचलेले पैसे काडतुसांत जातात, कारण .४४ स्पेशल कमी खपतं आणि .३८ पेक्षा महाग पडतं. पँटच्या खिशासाठी सिलिंडर जाडच. चाप पूर्ण झाकणारं म्यान आणि ताठ पट्टा, हा खर्च सुरुवातीलाच धरावा.

भारतात परवानाधारकाला मिळणारं देशी रिव्हॉल्व्हर प्रामुख्याने .३२ बोअरचं, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एच-१बी सारख्या व्हिसावर असताना तिथला संघीय कायदा शस्त्र बाळगू देत नाही, वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही, पण जवळ बाळगून फिरण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात.