दोन दिवस मागे राहिलेलं घड्याळ

भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही घरी बसून डेबियन ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. भूगोलाच्या अभ्यासासाठी तिला नकाशांचं क्यूजीआयएस हवं होतं, ते ती हॉस्टेलवर जाऊन टाकणार होती. डेबियनमध्ये असे प्रोग्रॅम पॅकेज म्हणून, म्हणजे बांधून ठेवलेल्या फाइलींमधून येतात. दोन दिवसांनी फोन आला. "मामा, पॅकेजांची यादीच अपडेट होत नाहीये. परत सगळं इन्स्टॉल करू का?"

"थांब. स्क्रीनवर आलंय ते पहिल्या ओळीपासून वाच."

रिलीज फाइल अजून वैध नाही, वैध व्हायला आणखी १ दिवस २० तास आहेत, असं काहीसं तिनं वाचलं. मी कोपऱ्यातली तारीख विचारली. ती परवाची होती.

यादी मिळवताना संगणक तारीख कशाला बघतो, हे कळलं की नवख्या माणसाची निम्मी भीती जाते. डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि ती जगभरच्या सर्व्हरांवरून येतात. त्यातल्या प्रत्येक सर्व्हरवर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून सही एकाच फाइलवर असते, तिचं नाव रिलीज. तिच्यात पॅकेजांच्या याद्यांचे ठसे असतात आणि याद्यांमध्ये एकेका पॅकेजचे. ठसा म्हणजे एसएचए-२५६ या गणिती कृतीतून निघालेली ६४ चिन्हांची ओळ. पॅकेजमधला एक बिट जरी बदलला तरी ती पार वेगळी येते. वाटेत फाइल अर्धवट उतरली तर 'हॅश सम मिसमॅच', म्हणजे ठसा जुळत नाही, असं दिसतं ते यामुळेच. बहुतेकदा थोड्या वेळानं पुन्हा यादी आणली की काम होतं.

पण सही खरी आणि यादी जुनी असली तर? सुरक्षेतलं भोक बुजवायच्या आधीची यादी कुणी मुद्दाम पुढे केली, तर तिच्यावरची सहीसुद्धा खरीच निघेल. म्हणून रिलीज फाइलवर तारीख घातलेली असते. भाचीच्या लॅपटॉपला ती तारीख भविष्यातली दिसली आणि त्यानं यादी नाकारली. त्याच्या जागी त्याचं बरोबरच होतं.

घड्याळ मागे का पडलं? लॅपटॉप बंद असताना वेळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. सीआर २०३२ या नावातच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. चालू होताना डेबियननं डिस्कवर नोंदलेली शेवटची वेळ उचलली, म्हणजे आमच्या घरची. एरवी इंटरनेट मिळताच ती आपोआप जुळते, पण हॉस्टेलच्या वायफायवर वेळ जुळवणारी सेवा अडवलेली होती. तिनं तारीख हातानं बदलली, यादी पुन्हा आणली आणि दहा मिनिटांत क्यूजीआयएस उघडलं. सेल नंतर बदलला.

अशा वेळी 'तपासणी बंद करा' असा सल्ला हमखास मिळतो. नवख्यानं तो कधीही मानू नये. त्यानं एरर जातो, पण दारावरचा पहारेकरीही जातो. 'लॉक मिळत नाही' असं आलं, तरी लॉकची फाइल पुसू नका. त्याच वेळी मागे दुसरं अपडेट चालू असतं. ते संपू द्या. दोघांनी एकदम पॅकेजांच्या नोंदवहीत लिहिलं तर ती बिघडेल.

अवलंबित्वाची भांडणं मात्र खरोखर अवघड असतात. एका पॅकेजला लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची, नवी आवृत्ती हवी असते, दुसरं जुनी सोडत नाही. सगळ्यांना चालेल असा संच शोधणं गणिताच्या भाषेत एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी रीत कुणालाही सापडलेली नाही. घरच्या संगणकावर ही वेळ बहुधा एकाच कारणानं येते: कुठल्या तरी पानावर वाचून डेबियनच्या दुसऱ्याच आवृत्तीची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं कोठार, जोडलेली असते. सोर्सेसच्या यादीत, म्हणजे जोडलेल्या रिपॉझिटरींच्या यादीत, एकेक नाव नीट बघा. सगळीकडे 'बुकवर्म' (डेबियन १२ चं नाव) आणि एकाच ओळीत 'ट्रिक्सी' (डेबियन १३ चं) दिसलं, तर भांडणाचं मूळ त्या ओळीत आहे.