सिक्कीम : विरोधकांविना विधानसभा

2024 च्या निवडणुकीत प्रेमसिंग तमांग यांच्या सिक्कीम क्रांतिकारी मोर्चाने 32 पैकी 31 जागा जिंकल्या. सिक्कीमला असा निकाल नवा नाही. भारतात विलीन होण्याच्या आदल्या वर्षी, 1974 मध्ये, सिक्कीम काँग्रेसनेही 31 जागाच घेतल्या होत्या. 1989 मध्ये नर बहादूर भंडारींच्या सिक्कीम संग्राम परिषदेने सर्वच्या सर्व 32 जिंकल्या, पण 1994 मध्ये तिला जेमतेम 10 मिळाल्या. मग पवनकुमार चामलिंग यांच्या सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटचं राज्य आलं. 2009 मध्ये याही पक्षाने 32 पैकी 32 जागा घेतल्या.

मतदारसंघ लहान आहेत. राज्याचे एकूण मतदार साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे एका जागेमागे सरासरी चौदा-पंधरा हजार. (बौद्ध भिक्षुसंघासाठी राखीव असलेल्या जागेला भौगोलिक सीमाच नाही, तिथे नोंदणीकृत मठांतले भिक्षू आणि भिक्षुणी मत देतात.) एवढ्याशा मतदारसंघात काहीशे मतं फिरली तरी जागा जाते, आणि वारं राज्यभर एकाच दिशेचं असेल तर जवळपास सगळ्याच जातात. 2024 मध्ये मोर्चाला सुमारे 58 टक्के मतं पडली, फ्रंटला 27 टक्क्यांहून थोडी अधिक. तरी फ्रंटच्या वाट्याला आली एकच जागा, श्यारी. चामलिंग स्वतः दोन्ही मतदारसंघांत हरले.

पण विरोधी बाकं केवळ मतपेटीने रिकामी होत नाहीत. 2019 मध्ये फ्रंटने मोर्चापेक्षा किंचित जास्त मतं मिळवली होती. जागा मात्र 15 विरुद्ध 17. फ्रंटचे दोघे जण दोन-दोन ठिकाणी निवडून आल्याने प्रत्यक्षात त्याचे आमदार उरले 13. त्यांतले 10 त्याच ऑगस्टमध्ये भाजपमध्ये गेले. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याला, विलीनीकरणासाठी दोन-तृतीयांश आमदार लागतात. 13 मध्ये ते 9 होतात, त्यामुळे कोणाचीच आमदारकी गेली नाही. आणखी दोघे मोर्चात गेले आणि पंचवीस वर्षं राज्य केलेल्या पक्षाचे चामलिंग सभागृहात एकटे राहिले.

2024 मध्ये तेवढंही टिकलं नाही. श्यारीचे आमदार जुलैतच मोर्चात गेले. पक्षाचा आमदार एकच असेल तर दोन-तृतीयांशही तोच, त्यामुळे त्याला अडवायला पक्षांतरबंदी कायदा फारच तोकडा पडतो. नोव्हेंबरच्या दोन पोटनिवडणुकांत समोरचे उमेदवार मागे हटले आणि मोर्चाचे दोघे बिनविरोध आले. आकडा पुन्हा 32. अंदाजपत्रकावर कपात सूचना मांडायला सत्तापक्षाबाहेरचा एकही आमदार उरला नाही.