क्लायडोक्रेनियल डिस्प्लेजिया

क्लायडोक्रेनियल डिस्प्लेजिया हा हाडे घडण्यास विलंब लावणारा, साधारणपणे १० लाखांत एकाला होणारा आनुवंशिक विकार आहे. फ्रान्समधील पिएर मारी आणि पॉल सेंतों या डॉक्टरांनी १८९८ मध्ये त्याला नाव दिले. सहाव्या गुणसूत्रावरील रंक्स-२ हे जनुक हाड घडवणाऱ्या पेशी तयार करवते. त्यात बिघाड झाल्याने हा विकार होतो, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले.

सातारा-सांगलीकडे बाळाला न्हाऊ घालताना टाळूवर तेल घालण्याची रीत असल्याने पहिली शंका बहुधा डॉक्टरांआधी आजीलाच येते: एरवी दीड-दोन वर्षांत भरणारी टाळू बोटाखाली मऊच लागत राहते, आणि काहींची तर मोठेपणीही पुरती भरत नाही. मुडदुसातही टाळू उशिरा भरते, म्हणून एक्स-रे काढणे आवश्यक असते. गळपट्टीची हाडे अपुरी किंवा अजिबात नसल्याने खांदे उतरते दिसतात आणि काहींना ते छातीपुढे एकमेकांजवळ आणता येतात. उंची थोडी कमी राहते. बुद्धी मात्र सर्वसाधारण असते.

सर्वांत चिवट त्रास दातांचा. दुधाचे दात वेळेवर येतात, पण पडत नाहीत; त्यांच्याखाली कायमचे दात आणि कित्येक जादा दात हिरडीत दाटीने अडकून बसतात. जादा दात काढून कायमचे दात तारेने ओढून घेण्याचे काम अनेक वर्षे चालते, म्हणून लहानपणीच दंतवैद्याकडे जाणे हिताचे. कान व सायनसचे संसर्ग वारंवार होतात. स्त्रियांमध्ये कटिभाग अरुंद असल्यास बाळंतपणात सिझेरियन लागू शकते, याची कल्पना डॉक्टरांना आधीच द्यावी.

आई किंवा वडील यांपैकी एकाला विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. कित्येकदा मात्र घरात कोणालाही नसताना जनुकात नव्याने बदल होतो. या भागात मामाच्या मुलीशी लग्न होते, आणि असे मूल जन्मले की दोष त्या नात्याला किंवा आईने ग्रहण न पाळल्याला दिला जातो. नात्यातल्या लग्नाने काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो हे खरे. पण येथे जनुकाची एकच सदोष प्रत पुरेशी असल्याने हा विकार त्या लग्नामुळे होत नाही, आणि ग्रहणाचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही. असा बोल लावून आईला दुखावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

मूळ दोष दूर करणारा उपचार उपलब्ध नाही. कवटीतील फट मोठी असेल तर खेळताना डोक्याला संरक्षक टोपी घालतात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाकडे लक्ष दिले जाते.