हेलीबरी

हेलीबरी ही इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यातील, सरकारी अनुदानावाचून चालणारी निवासी शाळा असून आसपासच्या गावांतून रोज ये-जा करणारे विद्यार्थीही तेथे शिकतात. लंडनच्या उत्तरेस हर्टफर्ड गावाजवळ ती आहे. शाळेची स्थापना १८६२ मध्ये झाली. परंतु ती जेथे भरते ती मूळ वास्तू त्याहून अर्धशतकाने जुनी असून हिंदुस्थानात पाठवायचे मुलकी अधिकारी तयार करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने ती बांधली होती. या पूर्वपीठिकेमुळे महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासाशी हेलीबरीचा थेट संबंध पोहोचतो आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा.

गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले, तेव्हा आपल्या नोकरांचे शिक्षण आपल्या नजरेखालून निसटते आहे असे कंपनीच्या संचालकांना वाटले. त्यांनी १८०६ मध्ये हर्टफर्डच्या किल्ल्यात स्वतःचे कॉलेज सुरू केले आणि १८०९ मध्ये ते हेलीबरीच्या नव्या इमारतीत हलवले. वास्तुशिल्पज्ञ विल्यम विल्किन्स यांनी एका विस्तीर्ण चौकाभोवती ही इमारत रचली आणि तिच्या दर्शनी बाजूस ग्रीक धाटणीचे स्तंभमंडप उभारले. तेथे प्रवेश मिळे तो संचालकांच्या शिफारशीने. सोळा-सतरा वर्षांची मुले दोन वर्षे राहत आणि कायदा, गणित, इतिहास व अर्थशास्त्र यांबरोबर संस्कृत, फार्सी, हिंदुस्थानी या भाषा शिकत. लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे प्रसिद्ध असलेले टॉमस माल्थस १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथे इतिहास व अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांच्या दंग्यांमुळे कॉलेज बंद करण्याची मागणी झाली, तेव्हा माल्थस यांनीच पत्रके लिहून त्याची बाजू मांडली. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर विल्यम्स, ज्यांचा जन्म मुंबईचा, तेही १८४४ पासून कॉलेज बंद होईपर्यंत येथे पौर्वात्य भाषा शिकवत होते.

या कॉलेजातून निघालेल्यांपैकी महाराष्ट्राला सर्वांत परिचित नाव बार्टल फ्रिअर यांचे आहे. १८३४ मध्ये ते मुंबईस आले व पुढच्या वर्षी पुण्यात सहायक कलेक्टर झाले. पुढे ते साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट होते. छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी घेतलेल्या दत्तकाचा हक्क मान्य व्हावा असा फ्रिअर यांचा आग्रह होता. डलहौसी यांनी तो मानला नाही. संस्थान खालसा झाले आणि त्याचा कारभार फ्रिअर यांच्याकडेच सोपवला गेला. जे घडू नये असे ज्याने लेखी कळवले, त्यालाच ते अमलात आणावे लागले, ही गोष्ट कंपनीच्या राज्ययंत्रणेवर पुरेसा प्रकाश टाकते. १८६२ ते १८६७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली गेली ती त्यांच्याच कारकिर्दीत.

१८५३ च्या सनदी कायद्याने मुलकी सेवेतील नेमणुका स्पर्धापरीक्षेने होऊ लागल्या, शिफारशीचा मार्ग खुंटला आणि १८५८ च्या आरंभी कॉलेज बंद पडले. चार वर्षांनी त्याच इमारतीत आजची शाळा सुरू झाली. १८६४ मध्ये तिला राजसनद मिळाली. नव्या शाळेचा कंपनीशी कायदेशीर संबंध नव्हता, तरी तिने जुन्या कॉलेजची आठवण पुसली नाही, उलट ती आपलीशी केली. बार्टल फ्रिअर, लॉरेन्स, ट्रेव्हेलियन, कॉल्व्हिन, थॉमसन ही तिच्या वसतिगृहांची नावे त्या काळातील आहेत. चौकावर उठून दिसणारा घुमट आर्थर ब्लोमफील्ड यांनी बांधलेल्या प्रार्थनामंदिराचा असून तो १८७७ मध्ये पूर्ण झाला. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये उघडलेले भोजनगृह हर्बर्ट बेकर यांचे. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या इमारतीही त्यांच्याच.

क्लेमंट ॲटली १८९६ ते १९०१ या काळात येथे विद्यार्थी होते. लंडनच्या पूर्व भागातील स्टेप्नी या गरीब वस्तीत शाळेच्या मदतीने मुलांसाठी एक मंडळ चाले. ॲटली तेथे काम करू लागले, पुढे त्याचे व्यवस्थापक झाले, आणि तिथले दारिद्र्य जवळून पाहिल्यावर समाजवादाकडे वळले. १९४७ मध्ये भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा संमत झाला तेव्हा तेच पंतप्रधान होते.

लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी डेव्हनच्या किनाऱ्यावर १८७४ मध्ये निघालेली युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज ही शाळा पुढे विंडसरला जाऊन इम्पीरियल सर्व्हिस कॉलेज झाली आणि १९४२ मध्ये हेलीबरीत विलीन झाली. मुंबईत जन्मलेले रड्यर्ड किप्लिंग या मूळ शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या नावाचेही एक वसतिगृह हेलीबरीत आहे. १९७० च्या दशकात वरच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळू लागला व शतकाच्या अखेरीस शाळा सर्व वर्गांत सहशिक्षणाची झाली. अलीकडे कझाकस्तानात अल्माटी व अस्ताना येथे तिच्या नावाने शाळा निघाल्या आहेत.