मलेरियाच्या परजीवीची जनुकीय चाचणी

मलेरियाचा परजीवी औषधाला दाद देईनासा होतोय का, हे त्याच्या डीएनएमधले ठराविक बदल बघून ओळखायची ही पद्धत. पेशंटवर उपचार करायला ही टेस्ट नसते, रिपोर्ट हातात येईपर्यंत त्याचा गोळ्यांचा कोर्स कधीच संपलेला असतो. एखाद्या भागात पुढे कुठलं औषध चालवायचं ते ठरवायला ती लागते.

सॅम्पल घेणं सोपं. बोटाला सुई टोचून रक्ताचे दोन-तीन थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचे, नीट वाळू द्यायचे आणि सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पिशवीत टाकायचे, मग फ्रिजचीही गरज नाही. लॅबमध्ये त्या डागाचा छोटा गोल तुकडा पंच करतात, डीएनए काढून पीसीआरने (डीएनएच्या ढीगभर प्रती काढायची पद्धत) हवा तेवढा भाग वाढवतात आणि सिक्वेन्सिंग करतात, म्हणजे त्याची अक्षरं क्रमाने वाचतात.

फॅल्सिपेरम या सगळ्यात घातक मलेरिया परजीवीमध्ये क्लोरोक्विन या जुन्या औषधासाठी पीएफसीआरटी हा जीन बघतात, त्याच्या प्रथिनात ७६व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आलं की समजायचं गडबड आहे. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या औषधांच्या जोडीसाठी डीएचपीएस आणि डीएचएफआर हे जीन. आर्टेमिसिनिन या आताच्या मुख्य औषधाचं कोडं मात्र बराच काळ सुटत नव्हतं, पश्चिम कंबोडियात औषध सुरू करून तिसरा दिवस उजाडला तरी काहींच्या रक्तात परजीवी दिसायचे आणि का ते कळत नव्हतं, शेवटी २०१४ला केल्च१३ जीनमधले बदल सापडले. पुढे आफ्रिकेतल्या रवांडातही असे बदल मिळाले तेव्हा सगळ्यांना वाटणार की हे आशियातून आलं, पण आजूबाजूचा डीएनए जुळवून पाहिला तर हा बदल रवांडातच स्वतंत्रपणे तयार झालेला निघाला (२०२०). हे नुसतं पेशंट तपासून कधीच कळलं नसतं.

सगळ्यात भारी केस आफ्रिकेतल्याच मलावी देशाची. तिथे १९९३ला क्लोरोक्विन बंद केलं, आणि पुढच्या आठेक वर्षांत तो ७६वाला बदल जवळपास गायबच झाला, औषधाचा मारा थांबल्यावर जुन्या साध्या परजीवींनी परत जागा घेतली. २००६ला छापलेल्या ट्रायलमध्ये तेच क्लोरोक्विन ९९ टक्के पेशंटना लागू पडलं!

अडचणीही आहेत. एकाच माणसात दोन-तीन वाणांचे परजीवी असले की कमी संख्येतला निसटतो, आणि म्युटेशन दिसलं म्हणजे औषध फेल गेलंच असंही नाही, कारण आर्टेमिसिनिनसोबत दुसरं औषध असतंच. ते सोबतचं औषध ढेपाळलं की खरी पंचाईत. आपल्या ईशान्य भारतात तेच झालं, सोबतचं सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन चालेना म्हणून २०१३ला तिथे आर्टेमीथर-ल्युमेफँट्रिन ही आर्टेमिसिनिन गटातली दुसरी जोडी आणावी लागली.

व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीचं प्रकरण वेगळंच. मुंबईत जास्त करून हाच मलेरिया, पण त्याच्या क्लोरोक्विन प्रतिकारासाठी खात्रीचा असा जनुकीय मार्कर (ओळखायची खूण) अजून नाही, त्यामुळे व्हायव्हॅक्ससाठी पेशंटला २८ दिवस परत परत बोलावून रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघणं हाच जुना मार्ग.