स्वस्त पान्यानं बोल्ट गोल होतो? नाही हो

आमच्या सांगलीत कुणी बाइक घरी खोलायला घेतली की एक वाक्य ठरलेलं, "स्वस्तातले पाने घेऊ नको, बोल्टचे कोपरे जातात." हे अर्धवट खरंय. कोपरे जातात ते बहुतेक वेळा चुकीच्या साइजमुळे. ९/१६ इंचाचा पाना म्हणजे १४.२९ मिमी, तो १४ मिमी डोक्याच्या बोल्टवर बसतो पण सैल, मग जोर लावला की घसरतो, आणि यात पाना महागडा असला तरी फरक पडत नाही. दुसरं कारण म्हणजे गंजलेल्या बोल्टवर फिक्स पाना (उघड्या तोंडाचा) लावणं, तो दोनच बाजू पकडतो, तिथं रिंग पाना नाहीतर सहा कोनी गोटी पाना (सॉकेट) लावा आणि आधी तेल मुरू द्या. महिन्यातून एकदा चेन टाइट करणाऱ्याला गणपती पेठेतला साधा सेट आरामात वर्षानुवर्षं पुरतो. हां, "क्रोम व्हॅनेडियम" (एक मिश्र पोलाद) छापलंय म्हणून भुलू नका, हीट ट्रीटमेंट (तापवून-थंड करून कडक करणं) नीट नसेल तर ते नुसतं नाव, आणि वरची चकाकी गंज अडवायला असते, ताकदीसाठी नाही. पैसे घालायचेच तर रॅचेट (गोटी फिरवायचा, आत दात असलेला दांडा) आणि स्क्रूड्रायव्हरवर घाला, स्वस्तातले दात आणि टोकं खरंच लवकर जातात.